फॉरमॅट मारूनही परत येणाऱ्या खिडक्या

घरातला पीसी बिघडला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं, ‘व्हायरस शिरलाय’. उपायही ठरलेला, ‘फॉरमॅट मारून टाका’, म्हणजे डिस्क कोरी करून सगळं नव्याने बसवा. ब्राउझर उघडावा तर जाहिरातींच्या खिडक्या एकीवर एक आदळतात, होमपेज कुठल्याशा अनोळखी सर्चचं होऊन बसतं, आणि मग नात्यातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मुलाला फोन जातो. मी बरीच वर्षं तो मुलगा आहे. चोर भिंत फोडून आत आला असं घरच्यांना वाटतं. मला मात्र बहुतेक वेळा दार आतून उघडं सापडतं.

‘फॉरमॅट’चा सल्ला आला फ्लॉपीच्या काळातून. तेव्हाचा व्हायरस खरोखरचा घुसखोर होता. डिस्कच्या आरंभीच्या भागात लपायचा, फ्लॉपीवरून या मशीनमधून त्या मशीनमध्ये जायचा आणि तारीख उजाडली की डेटा पुसायचा. ६ मार्चला जागा होणारा ‘मायकेलअँजेलो’ १९९२ मध्ये जगभर गाजला. पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकरांच्या दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक अशाच व्हायरसनी पछाडलेले असत. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर साफसफाईचे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातून ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभं राहिलं. त्या शत्रूला फाइलमध्ये शोधायचं, कापून काढायचं, नाहीच जमलं तर डिस्क कोरी करायची, हे सगळं बरोबरच होतं.

खिडक्यांची जात वेगळी. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका प्रोग्रॅमिंग भाषेचा पहिला नमुना तयार केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट. तिच्यामुळे वेबपानाला स्वतःहून नवी विंडो उघडता येऊ लागली. त्याच दशकात ‘ट्रायपॉड’ या कंपनीत लोकांना फुकट वेबपानं बनवायला मिळत आणि खर्च जाहिरातींतून निघे. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी भडकली. तोडगा म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात पानापासून तोडून वेगळ्या विंडोत उघडणारा कोड लिहिला. २०१४ मध्ये त्यांनी एका लेखात त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता, असंही म्हटलं. ते खरंच असावं.

मग रक्तबीज जन्मला. पान बंद होताना शेवटचं काही करायची मुभाही पानाला होती, आणि जाहिरातदारांनी त्या मुभेत आणखी दोन खिडक्या उघडल्या. आपल्याकडे तेव्हा डायल-अपचे दिवस. नेटचे तास विकत घ्यायचे, वर फोनचं बिल, आणि त्यातला बराच वेळ खिडक्या मारण्यात जायचा.

तरी या आपोआप उघडणाऱ्या खिडक्या, म्हणजे पॉप-अप, हा वरवरचा ताप होता. खरा गुंता विंडोजच्या ब्राउझरच्या, इंटरनेट एक्सप्लोररच्या आत झाला. वेबपानातून प्रोग्रॅम बसवू देणारी १९९६ ची ‘अॅक्टिव्हएक्स’ आणि १९९७ ची ब्राउझरला जोडायच्या मदतनीस प्रोग्रॅमची सोय, यांमुळे बाहेरचा माणूस थेट ब्राउझरच्या पोटात बसू शकला. विंडोज एक्सपीवर घरातला प्रत्येक जण सहसा अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे एका ‘यस’वर काहीही बसायचं. ‘गेटर’ नावाचा प्रोग्रॅम पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि बदल्यात दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या जाहिराती उघडायचा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्र कंपन्यांनी त्याला कोर्टात खेचलं. पुढच्याच वर्षी कंपनीने नाव बदलून ‘क्लॅरिया’ केलं. गाणी उतरवायला ‘कझा’ टाकलं की असले पाहुणे सोबत यायचे. करारात ते लिहिलेलं असे, आणि करार कोण वाचतो!

इथे अँटिव्हायरसची पंचाईत झाली. ज्याला मालकाने ‘हो’ म्हटलंय, त्याला व्हायरस कसं म्हणायचं? म्हणून ‘अॅड-अवेअर’, पॅट्रिक कोल्ला यांचं ‘स्पायबॉट’ अशी वेगळीच हत्यारं निघाली. २००३ मध्ये ‘कूलवेबसर्च’ने होमपेजं पळवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्यामागे लागला नेदरलँड्सचा एक विद्यार्थी, मेरेइन बेलेकोम. त्याचं ‘हायजॅकदिस’ चांगलं-वाईट ठरवत नसे. ब्राउझरला आणि विंडोजच्या सुरुवातीला काय काय चिकटलंय याची फक्त यादी देई, आणि ती जाणकाराला दाखवायची. चुकीच्या ओळीवर टिक केली की नेटच बंद पडायचं (हे अनुभवाचे बोल आहेत). पण दुरुस्तीची दिशा त्या यादीने बदलली. काय शिरलंय याच्याइतकंच, कशाला परवानगी मिळालीय हेही लोक तपासू लागले.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे मोठ्या अपडेटने, एक्सप्लोररला पॉप-अप अडवणं शिकवलं. ऑपेरा आणि मोझिला हे ब्राउझर ते आधीच करत होते. जुन्या मशीनना त्याचा उपयोग नव्हता. त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या नॉर्विच शहरात, एका बदली शिक्षिकेसमोर सातवीच्या वर्गात अश्लील खिडक्या उघडत गेल्या. मशीन विंडोज ९८ चं, अँटिव्हायरस जुनाट, नको त्या साइट अडवणाऱ्या शाळेच्या फिल्टरची मुदत संपलेली. संगणक बंद करू नका, असं तिला बजावलेलं होतं. जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवलं. ४० वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. पोलिसांनी मशीनमध्ये स्पायवेअर, म्हणजे असले चोरून बसलेले प्रोग्रॅम, आहे का, हे तपासलंच नव्हतं. संगणक तज्ज्ञांनी ओरड केली, जूनमध्ये न्यायाधीशांनी निकाल रद्द करून नव्या खटल्याचा आदेश दिला. तरी २००८ मध्ये किरकोळ गुन्हा कबूल करून, १०० डॉलर दंड भरून आणि शिकवण्याचा परवाना सोडून तिला सुटका करून घ्यावी लागली. दार उघडं ठेवणारे कोणी त्या कोर्टात उभे नव्हते.

खिडक्या अडू लागल्यावर त्यांनी वेश बदलला. ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले, साफ करायला पैसे भरा’ असं सांगणारे ‘विनफिक्सर’सारखे खोटे डॉक्टर आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये त्यामागच्या टोळीला कोर्टात नेलं; २०१२ मध्ये १६ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कमिशनने फोनवरून ‘तुमचा संगणक बिघडलाय’ सांगून पैसे उकळणाऱ्या खोट्या टेक-सपोर्टविरुद्ध मोहीम उघडली, आणि त्यातले बरेच फोन भारतातून जात होते. ही बाजू आपण चर्चेत सहसा घेत नाही.

सध्याचं दार २०१५ चं. क्रोमने साइटना नोटिफिकेशन पाठवायची सोय दिली. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं म्हणणाऱ्या पानावर एकदा बोट पडलं की पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर ‘व्हायरस सापडला’चे डबे उडी मारतात. स्कॅन करा, बहुधा काहीच सापडत नाही, कारण फाइल नाहीच. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की दोन मिनिटांत शांतता.

एक्स्टेंशनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, गोष्ट थोडी चिवट. काकांचा पीसी दुकानातून फॉरमॅट होऊन आला, पैसे दिले, क्रोममध्ये जुन्या खात्याने लॉगिन केलं आणि संध्याकाळी तेच अनोळखी सर्च परत. खात्यातलं सगळं परत आणणाऱ्या सिंकने बुकमार्कसोबत एक्स्टेंशनही इमानदारीने आणून बसवलं होतं. ते यादीतून काढलं, तेव्हा कुठे गेलं. फॉरमॅटमध्ये काकूंच्या वास्तुशांतीचे फोटो मात्र कायमचे गेले.