कानस: पाच किलो पुढे, एक किलो मागे

आयटीआयचे फॉर्म निघाले की ठाण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिथे पोरांना महिनोन् महिने लोखंड घासायला लावतात हो, आता तर सगळं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होतं." आणि वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपवाल्याला विचारा, तो भलतंच सांगेल, "शिकवून काय होतंय, हात मुळात रक्तातच असावा लागतो." मला दोन्ही पटत नाही.

पूर्वी काम शिकायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली पडून राहायचं, इंग्लंडात तर १५६३ च्या कायद्याने सात वर्षं. शिकवणं असं काही नाहीच, बघत राहा, झाडू मार, सामान आण, जमेल कधीतरी. मग १८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पिरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी ठरवलं की सुरुवातीला वस्तू बनवायला लावायचीच नाही, कामाचेच तुकडे पाडायचे. कानस (लोखंड घासायचं दातेरी हत्यार), छिन्नी, ड्रिल, सगळं सोप्याकडून अवघडाकडे, प्रत्येक पोराला स्वतःची जागा नि स्वतःची हत्यारं. १८७६ ला फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या जॉन रंकल यांनी हे बघितलं आणि लगेच तिकडे तशी शाळा काढली.

आता कानशीकडे या, माझा आवडता भाग. व्हाइसच्या पकडीत लोखंडाची पट्टी धरलीय आणि ती सपाट करायचीय. डावा हात कानशीच्या टोकावर, उजवा मुठीवर, मध्ये समजा ३० सेंटिमीटर. स्ट्रोक सुरू होताना जॉब, म्हणजे ती पट्टी, कानशीच्या टोकाजवळ असतो, म्हणजे डाव्या हातापासून ५ सेंटिमीटर आणि उजव्यापासून २५. शाळेतला तरफेचा नियम आठवा, जोर गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं पाहिजे. एकूण सहा किलोचा दाब द्यायचा असेल तर डाव्याने पाच आणि उजव्याने एक. मध्यावर आलं की तीन-तीन. शेवटी बरोबर उलटं, डावा एक, उजवा पाच. म्हणजे एका सेकंदाच्या स्ट्रोकमध्ये एक हात सुटत जातो आणि दुसरा चढत जातो, आणि कानस पूर्ण वेळ आडवी राहिली पाहिजे. नवशिक्या दोन्ही हातांनी सारखंच दाबतो, मग कानस आधी मागे कलते नि नंतर पुढे, जॉबच्या दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये पोट राहतं. गुण्याची सरळ कड लावून उजेडाकडे धरलं की एक-दोन शतांश मिलिमीटरची फटसुद्धा चमकते. ती चूक बघायची, परत घासायचं, परत बघायचं. लहान मेंदू याच चुकांवरून जोराचा हिशोब बसवत जातो, पोराला तरफ माहीत नसली तरी. ते घासणं वाया जात नाही ते यामुळे.

यात रक्त कुठे आलं? लोहाराचाच पोरगा लोहार होणार हे आपल्याकडचं जुनं जातीचं गणित आहे, त्याला विज्ञानाचा काडीचा आधार नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कारखान्यांतल्या शिकवणाऱ्यांना तर सरळ सांगितलं होतं, कामगार शिकला नसेल तर तुम्ही शिकवलं नाहीत.

आपल्याकडे १९५० मध्ये क्राफ्ट्समन ट्रेनिंग योजना आली, आयटीआय तिच्यावरच चालतात, आणि १९६१ चा अप्रेंटिस कायदा आला, म्हणजे कंपनीनेही शिकवायचं. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली, वागळे इस्टेट वाढली, पुढे ठाणे-बेलापूर पट्टा, त्याला फिटर तर लागलेच आणि केमिकल प्लांट चालवणारे ऑपरेटरही लागले, त्यांचाही आयटीआयला वेगळा ट्रेड आहे.

राहिला सीएनसीचा मुद्दा. "तीस दिवसांत एक्सपर्ट, नोकरी पक्की" वाले क्लास बटणं शिकवतील, आणि बटणं येतातही लवकर. पण टूल झिजलं, जॉबच्या कडेवर बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कोर, यायला लागली, तर ती बोटाला कळावी लागते, आणि काढायला बऱ्याच शॉपमध्ये अजून कानसच घेतात.