ब्रँडनिष्ठा व स्मार्टफोनधारकांचे वाद

स्मार्टफोनच्या ऑनलाइन वापरकर्ता-समूहांत एखाद्या कंपनीची किंवा कार्यप्रणालीची बाजू घेऊन होणारी आणि मूळ प्रश्नाला बगल देणारी भांडणे. एकाच कंपनीचा माल पुन:पुन्हा घेणे म्हणजे निष्ठा नव्हे, हा भेद विपणनशास्त्रात जुना आहे. जॉर्ज डे यांनी १९६९ मध्ये खरेदीच्या सवयीबरोबर ग्राहकाची मनोवृत्तीही पाहावी असे मांडले. जेकब जॅकोबी व डेव्हिड काइनर यांनी १९७३ मध्ये हीच मांडणी अधिक काटेकोर केली. स्मार्टफोनच्या बाबतीत हा भेद विसरून चालत नाही. फोटो, पासवर्ड, घड्याळ, विकत घेतलेली ॲप्स असे सगळे एकाच व्यवस्थेत असल्याने तोच फोन पुन्हा घेणारे पुष्कळ असतात. वाद घालायला मात्र त्यांतले थोडेच उतरतात.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्यानुसार हे वाद आयफोन (जून २००७) व पहिला अँड्रॉइड फोन (ऑक्टोबर २००८) बाजारात आल्यानंतरचे. दुसरे मत त्यांचे मूळ संगणकाच्या इतिहासात शोधते, आणि पुरावा त्याच बाजूला अधिक झुकतो. संगणकाच्या स्मृतीतील एका ‘वर्ड’मधले बाइट्स कोणत्या टोकापासून मोजावेत या निव्वळ तांत्रिक प्रश्नावरील भांडणाला डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजीच्या टिपणात धर्मयुद्धाची उपमा दिली होती. पुढे यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजालावर मजकूर-संपादनाच्या प्रणाली, अमिगा व अटारी हे संगणक, मॅक व पीसी यांवरून तसेच वाद रंगले. १९९० च्या दशकात त्यासाठी ‘ॲडव्होकसी’ (कैवार) नावाचे स्वतंत्र चर्चागट होते; तांत्रिक मदतीचे गट मोकळे राहावेत म्हणून भांडणे तिकडे वळवली जात. म्हणजे वादाचा ढाचा तयार होता, स्मार्टफोनने त्यात माणसे आणली. एक गोष्ट मात्र खरोखर नवी होती. ॲपलने २०११ मध्ये आयमेसेज ही आयफोनवरील संदेशसेवा सुरू केल्यावर समोरच्याचा फोन कोणता, हे संदेशाच्या निळ्या वा हिरव्या रंगावरून कळू लागले आणि खरेदीची बाब ओळखीची खूण झाली.

कारणमीमांसेत सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या प्रयोगांचा आधार सर्वाधिक घेतला जातो. १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांना, चित्रकार क्ले व कँडिन्स्की यांच्यातील आवडीवरून गट पाडल्याचे सांगून, प्रत्यक्षात यदृच्छया विभागण्यात आले. पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले; इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटाशी अंतर राखण्यासाठी आपल्या गटाचा थोडा तोटाही पत्करला. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांचा १९५६ चा प्रयोग येथे अधिक जवळचा वाटतो. घरगुती उपकरणांपैकी एक निवडल्यावर निवडलेले अधिक चांगले आणि सोडलेले कमी चांगले वाटू लागते, आणि दोन्ही तुल्यबळ असतील तर हा फरक वाढतो, असे त्यात दिसले. आजचे फोन एकमेकांसारखे असूनही वाद इतके कडवे का होतात, याचा उलगडा यातून बराचसा होतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्लेम्परर यांनी १९८७ मध्ये मांडलेला बदलाच्या खर्चाचा विचारही यास पूरक आहे : दुसरीकडे जाणे महाग असेल, तर आहे तेच उत्तम मानणे सोयीचे पडते.

आल्बर्ट मुनीझ व थॉमस ओग्विन यांनी २००१ मध्ये ब्रँडसमूहाची, म्हणजे एकाच ब्रँडच्या चाहत्यांच्या समुदायाची, संकल्पना मांडली. प्रतिस्पर्धी ब्रँडला विरोध हे अशा समूहाचे लक्षण त्यांनी नोंदवले, तसेच सदस्यांनी एकमेकांना वस्तू वापरण्यास मदत करणे हेही. दुसरे लक्षण सहसा उद्धृत होत नाही, हे खेदजनक आहे. भांडणात बळी जातो तो त्याचाच. अपडेटनंतर बॅटरी लवकर उतरते, असे कोणी विचारले तर नेमके मॉडेल, बिल्ड क्रमांक (प्रणालीच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक), बॅटरी खाणारे ॲप आणि अपडेट होऊन किती दिवस झाले एवढे विचारावे लागते. दिवस विचारायचे ते अशासाठी की मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन पार्श्वभूमीत फायलींची सूची नव्याने लावत असतो. हे विचारण्याऐवजी ‘माझ्याकडे असे काही होत नाही’ आणि ‘दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा होता’ ही दोन उत्तरे येतात. विचारणारा हात हलवत परततो आणि तीच अडचण असलेल्या पुढच्या माणसालाही तेथे काही सापडत नाही.

कंपनीचे नाव हे अशा प्रश्नांत मुळात अपुरे परिमाण आहे. २०२० च्या गॅलक्सी एस२० मध्ये प्रदेशानुसार एक्सिनॉस ९९० किंवा स्नॅपड्रॅगन ८६५ असे वेगळे प्रोसेसर होते. २०१५ च्या आयफोन ६एसमधील ए९ चिप टीएसएमसी व सॅमसंग अशा दोन कारखानदारांनी बनवली होती. ॲपल व सॅमसंग यांचा २०११ पासूनचा पेटंटखटला तेव्हा चालूच होता (तो २०१८ मध्ये तडजोडीने मिटला). कंपन्यांची भूमिकाही स्थिर नसते. आयफोन ७ मधून २०१६ साली हेडफोन जॅक गेला, त्यानंतर सॅमसंगने जाहिरातींतून त्याची टर उडवली; २०१९ च्या गॅलक्सी नोट १० मध्ये तो नव्हता. या तीन वर्षांत जॅकच्या बाजूने व विरुद्ध हिरिरीने लढणाऱ्यांना त्याचा काहीच लाभ झाला नाही.

नियंत्रणाचे उपाय मुख्यत: नियमांचे आहेत : तुलनेचे धागे (चर्चामालिका) वेगळे ठेवणे, प्रश्नासोबत मॉडेल क्रमांक सक्तीचा करणे, व्यक्तिगत शेरे काढून टाकणे. सु. २००३ मध्ये सुरू झालेल्या व एक्सडीए या हातात मावणाऱ्या संगणक-फोनवरून नाव घेतलेल्या एक्सडीए-डेव्हलपर्स या मंचाने विभागणी मॉडेलनिहाय ठेवली. एका विभागात सगळ्यांच्या हाती तोच फोन असल्याने तेथे चर्चा रॉम (फोनवर चढवायची प्रणाली), बूटलोडर (ती सुरू करून देणारा प्रोग्राम) व ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे सॉफ्टवेअर) यांभोवती राहते.