संगीत बारी म्हणजे ढोलकी फड नव्हे

लोककला महोत्सवाची पत्रिका हाती आली आणि तिच्यावर 'लावणी-तमाशा' असा जोडशब्द दिसला, की आत काय पाहायला मिळणार हे आयोजकांनाही नक्की ठाऊक नाही, असे मी धरून चालतो. तमाशाचे दोन वेगळे संसार आहेत, एक गावोगाव फिरून रात्रभर खेळ करणाऱ्या ढोलकी फडाचा आणि दुसरा थिएटरात मुक्कामी राहून लावणी सादर करणाऱ्या संगीत बारीचा. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालयसुद्धा ढोलकी फडाचा महोत्सव आणि लावणी महोत्सव निरनिराळे भरवते. तरीही बातम्यांत, सूत्रसंचालकांच्या तोंडी आणि पुष्कळदा मान्यवरांच्या भाषणांतही दोहोंची खिचडी होते.

फड बहुतेकांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करत नाही. गण, गौळण, बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या) आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, हा त्याचा क्रम. मावशी, पेंद्या आणि सोंगाड्या ही त्याची ओळखीची माणसे. तंबू, कनाती आणि ट्रक हे त्याचे बिऱ्हाड. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथे येऊन आपल्या यात्रेची तारीख सांगतात, सुपारी ठरते, आणि चैत्र-वैशाखातल्या रात्री अशा भरत जातात.

दोहोंमधले काही फरक डोळ्यांना लगेच दिसतात, पण ते वरवरचे आहेत. फडात ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवतो, सोबत हलगी, कडे, तुणतुणे असते आणि मागे सुरत्ये, म्हणजे साथीचे गायक, झील धरतात. बारीत पेटी, तबला आणि ढोलकीवाले बसलेले असतात. फड गावोगाव फिरतो, बारी थिएटरात मुक्कामाला असते. एवढ्यावर ओळख पटते खरी, पण कळत काहीच नाही. बहुतेकांचा पाय जिथे घसरतो ती जागा पुढे आहे.

लावणी दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्ही एकच, असा हा समज आहे. खरा प्रश्न लावणी आहे की नाही हा नसून, रात्र कशासाठी उभी केली आहे हा आहे. फडाची रात्र वगासाठी असते. उमा-बाबू सावळजकरांचा 'मोहना बटाव' हा १८६५ च्या सुमाराचा वग पहिला मानला जातो. वग आला आणि फडातली लावणी कथेच्या अलीकडची झाली. ती रंग भरते, शिट्ट्या घेते, प्रेक्षकाला जागे ठेवते, पण राजा, प्रधान आणि सोंगाड्या मंचावर येण्याची वेळ झाली की तिला आवरते घ्यावे लागते. वगाविना फड म्हणजे वऱ्हाड जमून लग्न न लागण्यासारखे.

बारीत वग नाहीच. तिथे लावणीच्या पुढे जायचे कुठे, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पुढे काही नसतेच; जे काही आहे ते लावणीच्या ओळीच्या आतच शोधायचे असते. बैठकीची लावणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. नऊवारीतली कलावती बसूनच गाते. समजा, ओळीत 'उशीर' हा शब्द आहे. पहिल्यांदा तो रुसून येतो. दुसऱ्यांदा तोच शब्द टोमणा होतो, भुवई एवढीशी वर जाते आणि हात पदराशी थबकतो. तिसऱ्यांदा त्यात काळजी असते, वाटेत काही बरेवाईट तर झाले नसेल ना, अशी. पेटीवाला तोच सूर धरून वाट पाहत राहतो, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर ओळ पुरी होऊन ढोलकीची थाप पडते, तेव्हा बसलेल्या माणसाच्या तोंडून आपसूक दाद निघते. ही अदाकारी हाच बारीचा वग आहे, असे म्हटले तरी चालेल.

'बारी' या शब्दाचा अर्थही पाळी असाच आहे. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या, म्हणजे कलावतींचे संच, असतात आणि प्रत्येकीची पाळी ठरलेली असते. हिशेबही त्याच मापाने चालतो: फडाची सुपारी किंवा तंबूचे तिकीट अख्ख्या रात्रीचे असते, बारीतली फर्माईश आणि दौलतजादा (प्रेक्षकांनी दिलेली बक्षिशी) एकेका लावणीवर होते. म्हणून बारीत प्रत्येक लावणीला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते.

हा फरक न कळल्यामुळे होणारी एक चूक मला विशेष खुपते. विठाबाई नारायणगावकरांच्या छायाचित्राखाली 'लावणीसम्राज्ञी' असे सर्रास लिहिले जाते. विठाबाई फडाच्या, भाऊ-बापू या फडमालकांच्या घराण्यातल्या, वग गाजवणाऱ्या, आणि लोक त्यांना तमाशासम्राज्ञी म्हणत ते उगाच नव्हे. लावणीसम्राज्ञी म्हणायचे तर बारीतल्या यमुनाबाई वाईकरांना म्हणावे, ज्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पार्टीचे नावच 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी' असे होते. विठाबाई लावणी उत्तम करत, यात वाद नाही. पण म्हणून त्यांना बारीत नेऊन बसवणे म्हणजे त्यांचा वग पुसून टाकणे आहे.

महोत्सवांच्या इतिहासात हा घोळ वाढला तो बारी खुल्या मंचावर आल्यानंतर. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने थिएटरातल्या पार्ट्यांना मोठा मंच दिला, घरंदाज म्हणवणारा प्रेक्षक दिला आणि दौलतजाद्याऐवजी पारितोषिकाची प्रतिष्ठा दिली. हे ऋण मोठेच आहे. मात्र स्पर्धा म्हटली की वेळ बांधलेली असते, आणि बांधलेल्या वेळेत उभ्याची, समूहाची, चपळ लावणी जितकी शोभते तितकी बैठकीची शोभत नाही. पुढे इतर महोत्सवांनी स्पर्धेचा हा वेग तेवढा उचलला, आणि मुद्रित गाण्यावरच्या नाचालाही 'तमाशा' म्हणण्यापर्यंत मजल गेली. त्यात फड नाही आणि बारीही नाही.

माझी आवड विचाराल तर वग तंबूत, पहाटेपर्यंत. आणि बैठकीची लावणी लहान दालनात, ध्वनिक्षेपकाविना. एका महोत्सवात मी पाहिले, की फडाचा गण आणि वग यांच्या मध्ये एका जुन्या कलावतीला 'सात मिनिटे' म्हणून ढकलले होते, आणि संयोजक तिला उभ्याने घ्यायला सांगत होता. ती काही न बोलता मंचावर गेली, पदर सावरून खाली बसली, पेटीवाल्याने ध्वनिक्षेपकाची दांडी तिच्या तोंडाशी वाकवली, आणि विंगेत घड्याळ दाखवणाऱ्या त्या गृहस्थाकडे पाहत तिने पहिली ओळ चौथ्यांदा घेतली.