आईबाबा एच-वन-बी वर, मूल अमेरिकन सिटिझन: फाफ्सा कोणाला भरता येतो, कागद काय लागतात, कसा भरायचा

ऑक्टोबर जवळ आला की बारावीतल्या, म्हणजे इथल्या सिनिअर इयरच्या मुलांच्या आयांचे फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलंच असतं, "आम्ही एच-वन-बी वर आहोत, मग आम्हाला कुठला मिळायला फाफ्सा?" आणि मुलगी जन्मलेली इथलीच, निळा पासपोर्ट कपाटात! म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. फाफ्सा म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत मागायचा फॉर्म, आणि त्यात इमिग्रेशन स्टेटस बघतात ते विद्यार्थ्याचं. मूल सिटिझन असेल तर आईबाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असोत, एच-फोर या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर असोत की बाबा अजून नागपुरातच असोत, मुलाची पात्रता त्याने जात नाही. माझ्या ओळखीत दोन घरांनी निव्वळ या गैरसमजापायी पहिल्या वर्षी फॉर्मच भरला नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फाफ्सा म्हणजे फ्री अ‍ॅप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड. फ्री म्हणजे खरंच फुकट, स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर भरायचा, कोणी भरून देण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. याची मुळं १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमध्ये आहेत, लिंडन जॉन्सन यांनी सही केलेला कायदा, घरात पैसा नाही म्हणून कोणाचं कॉलेज अडू नये हा त्यामागचा विचार. पुढे १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याला मिळणारी ग्रँट आली, तिलाच आता सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या नावावरून पेल ग्रँट म्हणतात. २०२६-२७ साठी ती वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि परत करायची नसते. पेल कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे, दोघंही आयटीत असाल तर बहुतेक मिळणार नाही, पण फॉर्म तरीही भरा, कारण विद्यार्थ्याच्या नावावरचं फेडरल लोन, वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळणारे पैसे), राज्याची मदत आणि बऱ्याच कॉलेजांची स्वतःची मदत याच फॉर्मवरून ठरते.

आता पात्रता. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले पात्र, रेफ्युजी आणि असायलम मिळालेलेही पात्र. एच-फोर वरची मुलं नाहीत, एफ-वन या स्टुडंट व्हिसावाली नाहीत, डाका वाल्यांना (लहानपणी इथे आलेली, कागदपत्रं नसलेली पण तात्पुरती राहू दिलेली मुलं) सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख नंबर, असतो तरी फेडरल मदत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे सरकारी शाळेत कुठल्याही मुलाला स्टेटस बघून अडवता येत नाही, म्हणजे चार वर्षांचं असताना आलेलं एच-फोर चं पोर इथे बारावीपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीने शिकतं, एकाच बसने जातं, आणि कॉलेजच्या दारात अचानक परकं ठरतं. त्याच घरात धाकटी इथे जन्मलेली असेल तर तिला सगळं लागू, थोरल्याला काही नाही. अशा मुलांनी तीन गोष्टी बघायच्या: आपल्या राज्यात इन-स्टेट, म्हणजे तिथल्या रहिवाशांची कमी फी मिळते का, कॉलेजची स्वतःची ग्रँट मिळते का (त्यासाठी बऱ्याच खाजगी कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म लागतो), आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी काही कॉलेजं जी बाहेरदेशीच्या मुलांनाही पैसे न बघता प्रवेश देऊन गरजेपुरती मदत करतात. तिथे शिरणं महाकठीण आहे, पण दार आहे.

कागद काय काढून ठेवायचे ते बघू. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर, ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनचा नंबर. टॅक्स रिटर्न, आणि इथेच सगळे गोंधळतात, वर्ष दोन मागचं लागतं, म्हणजे २०२६-२७ च्या फाफ्साला २०२४ चं रिटर्न, २०२५ चं नाही. फॉर्म १०४० (टॅक्स रिटर्नचा फॉर्म) आणि डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद) समोर असू द्या. बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक मात्र फॉर्म भरता त्या दिवशीची. राहतं घर मोजत नाहीत, फोर-ओ-वन-के सारखे रिटायरमेंटचे पैसे मोजत नाहीत. पण पुण्यात घेऊन ठेवलेला दुसरा फ्लॅट, गावाकडचा मोकळा प्लॉट, बँकेतल्या एफडी, हे तुमच्या नावावर असेल तर गुंतवणूक म्हणून लिहावं लागतं, त्या सुमाराच्या दराने डॉलर करून आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर ते वजा करून. "भारतातलं कोणाला कळतंय" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, फॉर्मखाली सही तुमची असते.

प्रक्रिया अशी. आधी विद्यार्थ्याने त्या साइटवर स्वतःचं अकाउंट काढायचं आणि पालकाने स्वतःचं वेगळं. दोघांचा ईमेल वेगळा हवा, मुलाच्या शाळेचा ईमेल वापरू नका, जूनमध्ये तो बंद होतो. पालकाला तिथे कॉन्ट्रिब्युटर म्हणतात. नवराबायको जॉइंट टॅक्स भरत असाल तर एकाच पालकाने कॉन्ट्रिब्युटर झालेलं पुरतं. हे फार कामाचं आहे, कारण आपल्याकडे किती घरांत आई एच-फोर वर असते, तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, आयटिन (नुसता टॅक्स भरण्यापुरता नंबर) असतो, मग नंबरवाल्या पालकाने भरून टाकायचं. वेगवेगळं टॅक्स भरत असाल किंवा एकजण भारतात असल्यामुळे जॉइंट भरत नसाल तर दोघंही लागतात, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्यालाही आता नंबराशिवाय अकाउंट काढता येतं. २०२४-२५ ला फॉर्म नव्याने आणला तेव्हा आधी तो डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला आणि वर ज्या घरात पालकाकडे नंबर नव्हता त्यांचे फॉर्म महिनोन् महिने अडकले. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज तीच घरं सगळ्यात शेवटी राहिली. आता ते बरंच सुधारलंय.

नावाचं बघा, खरंच बघा. मागच्या वर्षी एका वहिनींच्या डायनिंग टेबलवर आमचा सव्वा तास या एकाच गोष्टीत गेला. अकाउंटवरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी तंतोतंत जुळावं लागतं, आणि आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असं दोन्ही असतं. त्या घालत होत्या नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव, साइट प्रत्येक वेळी जुळत नाही म्हणून परत पाठवत होती. शेवटी स्टीलच्या डब्यातून ते निळसर कार्ड काढलं, त्यावर बघितलं तर वडिलांचं नाव पहिल्या नावालाच जोडून छापलेलं आणि आडनाव माहेरचं, लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण कार्ड बदलायचं राहून गेलेलं. कार्डावर होतं तसंच्या तसं टाकलं, लगेच झालं. तेव्हा आधी कार्ड काढा, मग लॅपटॉप उघडा.

पुढे संमती येते. आयआरएस, म्हणजे टॅक्स खात्याकडून टॅक्सची माहिती थेट घ्यायला परवानगी द्यायची असते, ती प्रत्येक कॉन्ट्रिब्युटरने द्यायची, रिटर्न भरलेलं नसलं तरी. एकाने जरी नाही म्हटलं तरी फेडरल मदत बंद. ज्या घरात कोणाचं स्टेटस संपलेलं किंवा अडचणीत आहे त्यांनी मात्र सबमिट करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, घाई करू नका.

कॉलेजं वीसपर्यंत टाकता येतात, प्रवेश मिळायची वाट बघायची नाही. फॉर्म एरवी १ ऑक्टोबरच्या आसपास उघडतो, फेडरल शेवटची तारीख लांब असते, २०२६-२७ साठी ३० जून २०२७, पण त्या तारखेवर विसंबू नका. राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा खूप आधी असतात, कॅलिफोर्नियाची बरीच वर्षं २ मार्च आहे, आणि काही ठिकाणी पैसे संपले की संपले.

सबमिट केल्यावर एसएआय नावाचा आकडा येतो, स्टुडंट एड इंडेक्स. पूर्वी याला ईएफसी म्हणायचे. तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो, जितका कमी तितकी गरज जास्त. तुमचं बिल म्हणजे हा आकडा नव्हे. नव्या नियमात एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही, दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर आधी पालकांचा वाटा विभागला जायचा, तो आता जात नाही. पाठोपाठच्या भावंडांच्या घरांना याचा चांगलाच फटका बसतो.

आणि नोकरी गेली असेल तर गप्प बसू नका. २०२४ चं रिटर्न भरघोस दिसतं पण २०२६ मध्ये लेऑफ झालाय, हे सरकारी फॉर्मला आपोआप कळत नाही. कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला लिहायचं की परिस्थिती बदललीय, प्रोफेशनल जजमेंट (म्हणजे बदललेली परिस्थिती बघून नव्याने हिशोब) करा, हाच शब्द वापरा. सोबत टर्मिनेशन लेटर, शेवटची पे स्लिप, सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना दिलेले पैसे) मिळाला असेल तर त्याचा कागद. आजारपणाचा मोठा खर्च असेल तरी हेच. दरेक कॉलेजला वेगळं लिहावं लागतं आणि निर्णय त्यांचा असतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मग मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजांची अवॉर्ड लेटरं, म्हणजे किती मदत देणार ते सांगणारी पत्रं येतात, त्यावर एकूण मदत म्हणून मोठा आकडा छापलेला असतो. पेन घेऊन बसा. ग्रँट आणि स्कॉलरशिप याखाली रेघ ओढा, तेवढेच खरे सुटलेले पैसे. वर्क-स्टडी मुलाने काम केल्यावर मिळणार. डायरेक्ट लोन, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावावरचं ते फेडरल लोन, पहिल्या वर्षी ५,५०० पर्यंत असतं, त्यातलं जास्तीत जास्त ३,५०० सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं. आणि पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरच्या फेडरल लोनचा आकडा दिसला तर सरळ खोडा, ते घ्यायला पालक स्वतः सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, एच-वन-बी वर मिळत नाही. जे उरेल ते राहण्याजेवणासकट वर्षाच्या एकूण खर्चातून वजा करा, आणि तो आकडा प्रत्येक कॉलेजच्या पत्रावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कॉलेजला होकार बहुधा मेच्या पहिल्या तारखेपर्यंत कळवायचा असतो, त्याच्या आत त्या आकड्यांवरून मुलाशी बोलायचंय.