परदेशी विद्यार्थी: परका, रुग्ण, मग बहुसांस्कृतिक

परदेशात शिकून आलेल्या माणसाच्या अंगी दोन-तीन संस्कृती मुरतात, याचं आज कौतुक होतं. हे कौतुक तसं अलीकडचं आहे.

मध्ययुगीन युरोपात परका विद्यार्थी हा आधी कायद्यापुढचा पेच होता. एखाद्या देशबांधवाने कर्ज थकवलं, तर त्यापायी या विद्यार्थ्यालाच धरलं जाण्याची भीती असे. बाराव्या शतकाच्या मध्यावर सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने फर्मान काढून त्याला संरक्षण दिलं. पॅरिस विद्यापीठात कला शाखेचे चार 'नेशन', म्हणजे मूळ मुलखानुसार पाडलेले गट, होते: फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड आणि इंग्लिश. गंमत म्हणजे जर्मन आणि स्कँडिनेव्हियन मंडळीही 'इंग्लिश' गटातच मोडत. पंधराव्या शतकात त्याच गटाचं नाव 'जर्मन' झालं. स्वतःच्या मुलखात कधी न लागलेली ओळख परक्या शहरात पोचताच चिकटायची. हा अनुभव अजून जुना झालेला नाही.

विसाव्या शतकात हा विषय समाजशास्त्रज्ञांच्या हाती गेला. 1928 मध्ये रॉबर्ट पार्क यांनी दोन संस्कृतींच्या सीमेवर उभ्या असलेल्या, कुठल्याच एकीत पुरत्या न सामावणाऱ्या माणसाचं वर्णन केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. उरलेलं युद्धसाहित्य विकून येणाऱ्या पैशातून अमेरिकेने 1946 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती उभी केली. सरकारी खर्चाने परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसं त्यांच्या मनात काय चालतं हेही तपासलं जाऊ लागलं.

1955 मध्ये स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन फुलब्राइटधारकांचा अभ्यास मांडला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक बरे रुळलेले दिसले. मधल्या काळापुरते राहिलेले सर्वांत अस्वस्थ. यातून 'यू' आकाराचा आलेख जन्माला आला आणि तो परदेशी जाणाऱ्यांना आजही दाखवला जातो. पण लिसगार्ड यांनी एकाच माणसाचा महिनोन्‌महिने मागोवा घेतला नव्हता. कमी-अधिक काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची ती तुलना होती. त्यावरून 'तुमचंही असंच होईल' असं सांगणं मला धाडसाचं वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी तर याच सुमारास 'कल्चर शॉक'ला, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याला, चक्क आजार म्हटलं.

1970 च्या दशकात पीटर ॲडलर यांनी हा आजार उलटा वाचला: धक्का म्हणजे शिकणं. त्यांचा 'बहुसांस्कृतिक माणूस' आपल्या संस्कृतीत पूर्ण नसतो आणि तिच्याबाहेरही नसतो. अशा माणसाचा पाया डळमळू शकतो, हेही त्यांनी लिहिलं होतं. ते मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. 1987 मध्ये 11 देशांतल्या 3,244 विद्यार्थ्यांसह युरोपात इरॅस्मस हा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि परदेशी सत्र हा अभ्यासक्रमाचाच भाग बनत गेला.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी पुढे दोन प्रश्न ठेवले: आपली संस्कृती जपायची का, आणि नव्या समाजात मिसळायचं का? दोन्हींना 'हो' म्हणणं एकट्या विद्यार्थ्याच्या हातात नसतं, यजमान समाजानेही वाट द्यावी लागते, असं बेरी बजावतात. रुळण्याचा बहुतेक सल्ला मात्र अजूनही विद्यार्थ्यालाच दिला जातो.