प्रादेशिक वास्तुपुरस्कार आणि पर्यावरणपूरक बांधकाम (कोकण किनारपट्टी)

एखाद्या प्रदेशाचे हवामान, तिथले साहित्य आणि तिथले पाणी ओळखून बांधलेल्या इमारतींना त्याच प्रदेशापुरत्या स्पर्धेतून दिला जाणारा सन्मान. मानांकन आणि पुरस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरित इमारतींचे मानांकन करणाऱ्या ‘गृह’ (२००७ पासून) किंवा इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल (स्थापना २००१) यांच्या पद्धतीत ठरावीक गुण गाठणाऱ्या प्रत्येक इमारतीला दर्जा मिळतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार त्या दर्जावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्रही मिळू शकते. पुरस्कारात इमारतींची एकमेकींशी तुलना होते, त्यामुळे परीक्षक काय पाहायला जातात आणि कोणत्या महिन्यात जातात यावर निकाल ठरतो.

अशा पुरस्काराला दोन आंतरराष्ट्रीय नमुने उपयोगी पडतात. आगाखान वास्तुरचना पुरस्कार (स्थापना १९७७) साधारण तीन वर्षांनी दिला जातो. त्यात निवडक इमारतींच्या जागेवर तज्ज्ञ पाठवले जातात, आणि बक्षिसात वास्तुविशारदाबरोबर मालक व कारागीरही वाटेकरी होतात. अलिबागजवळ नांदगावच्या माडांच्या वाडीतील, ताडाच्या लाकडी झडपांचे ‘पामायरा हाउस’ (२००७, स्टुडिओ मुंबई) २०१० च्या फेरीत त्याच्या निवडक यादीत होते. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेची पर्यावरण समिती १९९७ पासून दरवर्षी दहा इमारती निवडते. तिथे छायाचित्रांच्या जोडीला वीज व पाण्याचे आकडेही द्यावे लागतात.

कोकणातील परिस्थिती : राष्ट्रीय इमारत संहितेत हा पट्टा उष्ण-दमट विभागात येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिमी. च्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, पाणी धरत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याच गावांत टँकर फिरतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात छपरे उडवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलैला चिपळूण पुरात बुडाले. सुक्या पठारी प्रदेशासाठी केलेली गुणपत्रिका इथे जशीच्या तशी लावली, तर जाड भिंती आणि लहान खिडक्यांना गुण मिळतात. कोकणातल्या घराला मात्र आरपार वारा हवा असतो. इको निवास संहितेत (घरांसाठीची ऊर्जाबचतीची संहिता, २०१८) उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र खोल्यांच्या जमिनीच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहाव्या हिश्शाइतके मागितले आहे. १२० चौ. मी. च्या घराला ते २० चौ. मी. भरते. सरकत्या काचेच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, त्यामुळे प्रवेशिकेतला हा आकडा नकाशावरून पुन्हा मोजलेला बरा.

प्रवेशिका : पहिला कागद सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीचा. तो नसेल तर बाकीची फाइल उघडू नये. त्यानंतर बारा महिन्यांची वीजबिले, पाण्याचा हिशेब, साहित्य कुठून आले त्याची यादी आणि गवंडी-सुतारांची नावे. इमारतीने किमान दोन पावसाळे काढलेले असावेत. पहिल्या पावसात रंग नवा असतो, सांधे घट्ट असतात, आणि गळती उघडी पडते ती बहुधा दुसऱ्या वर्षी.

वीजबिलाचा हिशेब सरळ आहे : वर्षाची युनिटे भागिले बांधीव क्षेत्र. वर्षाला १,८०० युनिटे आणि १२० चौ. मी. असतील तर चौरस मीटरमागे १५ युनिटे. पण याच आकड्यावर सर्वांत मोठी फसगत होते. मुंबई-पुण्याच्या मालकाचा अलिबाग किंवा गुहागरचा बंगला वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतो, त्याचे बिल कमी येते आणि पाच माणसांच्या नांदत्या घरापेक्षा तो ‘हरित’ ठरतो. म्हणून युनिटे माणूस-दिवसांनीही भागावीत. चार माणसे साठ दिवस राहिली तर २४० माणूस-दिवस. पाच माणसे वर्षभर राहिली तर १,८२५. एवढा एक भागाकार केला की यादीचा क्रम पुष्कळदा उलटतो.

पाण्याच्या आकड्यातही असाच गोंधळ असतो. १०० चौ. मी. छपरावर ३,००० मिमी. पावसाने ३ लाख लिटर पाणी पडते. गळती व उडणारे तुषार वजा जाता ८० टक्के धरले, तर २ लाख ४० हजार लिटर हाती लागते. हा आकडा प्रत्येक प्रवेशिकेत मोठ्या अक्षरांत असतो. पण टाकी ५,००० लिटरची असेल तर ती पावसाच्या सुरुवातीलाच भरते आणि पुढचे सगळे वाहून जाते. मुळात प्रश्न उन्हाळ्याचा आहे. पाच माणसांना पिण्या-रांधण्यापुरते रोज माणशी १० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ६,००० लिटर लागते. म्हणजे झाकणबंद १०,००० लिटरची टाकी पुरी पडते. परीक्षकाने टाकीची क्षमता, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारी तोटी आणि पन्हळ खरोखर टाकीला जोडलेली आहे का, हे तीनच प्रश्न विचारावेत. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा, असे भारतीय मानक सांगते. जांभ्यात भेगा-पोकळ्या असल्याने हे अंतर टेपने मोजावे.

साहित्यात चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाला, डोळे झाकून गुण देण्याची सवय आहे. चिरा भट्टीत भाजावा लागत नाही, जवळच मिळतो, खाणीतून काढल्यावर हवेत कडक होतो, हे सगळे खरे. भारतीय मानकानुसार त्याची दाबसहनक्षमता किमान ३.५ न्यूटन प्रति चौ. मिमी. आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत हवे. ओला, पिवळट मातीच्या भोकांचा चिरा या कसोटीला उतरत नाही आणि पश्चिमेच्या भिंतीत घातला तर आतल्या बाजूला बुरशी धरते. शिवाय चिरा निघतो तो सड्यावरून. याच सड्यांवर पावसाळी फुलांची कुरणे आहेत आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली कातळशिल्पेही आहेत. म्हणून खाणीचे गाव आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनाची पावती मागितल्याशिवाय ‘स्थानिक साहित्य’ या रकान्यात गुण भरू नयेत. जुने घर पाडून निघालेला चिरा, वासे, कौले पुन्हा वापरली असतील तर तिथे सढळ हाताने द्यावेत. बांबूच्या कामात कुडाळच्या कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटरचा अनुभव मोठा आहे. बांबू तीन-चार वर्षांचा पक्व होता का आणि बोरिक अ‍ॅसिड-बोरॅक्सची प्रक्रिया झाली का, हे दोन प्रश्न इथे पुरतात. प्रक्रिया चुकली असेल तर सांध्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसतोच.

पाहणी : दोन फेऱ्या लागतात, एक मे महिन्यात दुपारी आणि दुसरी जुलैत झड लागलेली असताना. ऑक्टोबरमधली फेरी मालकाला सोयीची, कारण तेव्हा सगळेच हिरवे आणि धुतलेले असते. जुलैत पश्चिमेच्या भिंतीचा तळचा दोन फूट भाग हाताने चाचपावा. ओल वर चढत असेल, तर पागोळ्यांचे पाणी जोत्याला लागून उडते आहे, म्हणजे वळचण आखूड आहे. तीन फूट बाहेर आलेली वळचण, खाली चिऱ्याची पाखाडी आणि जोते दीड-दोन फूट उंच असले की ही ओल सहसा राहत नाही. वादळाच्या पट्ट्यात कौलांच्या कडेच्या ओळी आणि कोने तारेने बांधलेले आहेत का, वासे भिंतीतल्या पट्टीला अडकवलेले आहेत का, ते माळ्यावर चढून पाहावे. खाऱ्या वाऱ्यातल्या काँक्रीटला भारतीय मानक सळईवर ४५ मिमी. आच्छादन व किमान एम-३० प्रत मागते. ते कमी पडले की तुळईच्या खालच्या कडेला गंजाची तांबडी रेघ उमटते, पुढे पोपडा सुटतो.

सपाट स्लॅबवर नंतर चढवलेली पत्र्याची शेड हा वेगळा पुरावा आहे. गळती न थांबल्याने मालकाने दुसऱ्यांदा खर्च केलेला असतो, आणि प्रवेशिकेतल्या छायाचित्रात ही शेड कधीच नसते. उलट, दर पावसाळ्यात पडवीच्या बाहेर झापांची (माडाच्या विणलेल्या पानांची) झड, म्हणजे पावसाला आडोसा, बांधणे हा दोष मानू नये. दोन-चार माणसांच्या एका दिवसाच्या कामात भिंत कोरडी राहते आणि पावसाळा सरला की झाप चुलीत जातात.

गट व परीक्षक : नवी घरे, दुरुस्त केलेली जुनी घरे, शाळा-ग्रामपंचायतींसारख्या सार्वजनिक इमारती आणि पर्यटन निवास असे गट पाडले, तर गावच्या शाळेला रिसॉर्टशी झुंजावे लागत नाही. दुरुस्तीचा गट सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक वेळा त्यातच प्रवेशिका कमी येतात, कारण जुने माजघर वाचवणाऱ्या घरमालकाने वास्तुविशारद नेमलेलाच नसतो. अशा वेळी अर्ज मालकाच्या किंवा गवंड्याच्या नावाने घ्यावा लागतो. परीक्षक मंडळात एक संरचना अभियंता, एक पाणी-भूजलाचा जाणकार आणि एक अनुभवी सुतार किंवा गवंडी असावा. वास्तुविशारदांचेच मंडळ असले की चर्चा दर्शनी भागावरून पुढे सरकत नाही. ज्या परीक्षकाच्या कार्यालयातून प्रवेशिका आली आहे, त्याने त्या गटाच्या बैठकीतून उठून जायचे, आणि तशी नोंद निकालपत्रात छापायची. निकालासोबत प्रत्येक विजेत्या इमारतीची वीज-पाण्याची आकडेवारी, खर्च प्रति चौ. मी. आणि पाहणीत आढळलेले दोषही प्रसिद्ध केले, तर पुढच्या वर्षी घर बांधायला निघालेल्या माणसाला तो कागद दाखवून गवंड्याशी बोलता येते.