बँडिकूट (मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव)

माणसाला आत न उतरवता मॅनहोलमधील गाळ, मैला व कचरा बाहेर काढणारा दूरनियंत्रित यंत्रमानव. केरळमधील जेनरोबोटिक्स या कंपनीने तो बनवला आणि २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये केरळ जल प्राधिकरणाच्या कामावर तो प्रथम आला. कंपनी उभारणारे तरुण कुट्टिप्पुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. २०१५ मध्ये कोळिकोडला मॅनहोलमध्ये गुदमरलेल्या दोन कामगारांना वाचवायला एक रिक्षाचालक आत उतरला आणि तिघेही दगावले. त्या घटनेनंतर हे तरुण या कामाकडे वळले. बँडिकूट म्हणजे आपली घूस. इंग्रजीत हा शब्द तेलुगूतून गेला, आणि तेलुगूत त्याचा अर्थ ‘डुक्कर-उंदीर’ असा होतो.

तुंबलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबला की हवा निवळली असे वाटते, आणि तिथेच घात होतो. एक कोसळला की त्याला ओढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा बातम्यांत बहुधा एकाहून अधिक जण मेलेले असतात, ते यामुळे.

यंत्राचे दोन भाग असतात. एक सांगाडा मॅनहोलच्या तोंडावर उभा राहतो, दुसरा हातपाय असलेला भाग खाली सोडला जातो. खालच्या भागावर कॅमेरे व वायू ओळखणारे संवेदक असतात. चालक रस्त्यावर उभा राहून पडद्यावर आतले दृश्य पाहतो, यंत्राचा हात गाळापर्यंत नेतो आणि भरलेली बादली वर घेतो. म्हणजे काम माणूसच करतो, फक्त त्याचे शरीर बाहेर असते. तुंबलेले कुठे, दगड कुठला आणि प्लास्टिक कुठले, हे वर्षानुवर्षे चेंबरमध्ये उतरलेल्या कामगाराला जसे कळते तसे नव्या माणसाला पडद्यावर पाहून कळत नाही. म्हणून चालक म्हणून त्याच सफाई कामगारांना शिकवणे हेच योग्य, आणि कंपनीनेही तसे प्रशिक्षण दिले आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या दलित जातींच्याच माथी मारले गेले; यंत्र आल्यावर त्यांनाच कामावरून कमी केले, तर जीव वाचेल पण चूल विझेल. कंत्राटी कामगाराला ही भीती सर्वांत जास्त, कारण त्याचे नाव महापालिकेच्या हजेरीपटावर नसतेच.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. त्याच वर्षी केरळने गुरुवायूरमध्येही बँडिकूट सुरू केला.

यंत्र महापालिकेच्या गाडीतून येते. खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकपर्यंत ते क्वचितच पोहोचते. २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत असे तीन कामगार मेले. त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये मिळावेत, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आदेश द्यावा लागला.